सांगाडा सापडला, व्हिसेरा नाही: मग विष कुठं शोधायचं?

पऱ्हाटी, म्हणजे कापूस, वेचायला माणसं वावरात उतरतात, मार्च-एप्रिलात बाया भल्या पहाटे मोह वेचायला झुडपी जंगलात शिरतात, मे महिन्यात विहिरींचा गाळ निघतो. आपल्या विदर्भात मानवी सांगाडे नजरेस पडतात ते बहुतेक अशा कामांतच, कारण एरवी त्या कोपऱ्यात कोणी फिरकत नाही. पोलीस पाटील ठाण्यात वर्दी देतात, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो, पंचनामा होतो आणि हाडं पोत्यात भरून ग्रामीण रुग्णालयात येतात. ताजं प्रेत असतं तर डॉक्टरांनी जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड आणि रक्त व्हिसेरा म्हणून राखून ठेवलं असतं. इथे त्यातलं काहीच उरलेलं नसतं. मग मांडीच्या हाडाचा एक तुकडा सीलबंद होतो आणि सोबतच्या पत्रात एक ओळ जाते: विष किंवा अंमली पदार्थ आहे काय, याबाबत अभिप्राय द्यावा.

त्या ओळीचं उत्तर देता येतं, पण नेहमी नाही. देता येईल की नाही हे प्रयोगशाळेतल्या यंत्रापेक्षा त्या दिवशी वावरातून काय उचललं यावर जास्त ठरतं. ही पोस्ट त्या दिवसासाठी आहे: ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांसाठी, तपासी अंमलदारांसाठी आणि हातात सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आल्यावर त्याचा अर्थ लावणाऱ्या वकिलांसाठी.

आधी हाडाची घडण. हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो, बाकीचा मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन आणि थोडं पाणी. बाहेरची भिंत घट्ट असते. टोकांत, मणक्यांत, बरगड्यांत आणि कमरेच्या हाडात मात्र मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते. या जाळीत अस्थिमज्जा असते आणि रक्त इथूनच खेळतं. औषध किंवा विष हाडात येतं ते या रक्तामार्फत. चरबीत विरघळणारी द्रव्यं मज्जेच्या चरबीत साठतात. शिसं आणि आर्सेनिकसारखी मूलद्रव्यं खुद्द खनिजात जाऊन बसतात. मृत्यूनंतर मज्जा सडते, पण तिचा वाळलेला अंश जाळीला चिकटून राहतो, आणि प्रयोगशाळेला सगळ्यात जास्त आशा त्याच्यावरच असते.

म्हणूनच मांडीच्या हाडाचा मधला तुकडा एकटाच पाठवायची पद्धत मला अपुरी वाटते. १० ते १५ सेंटिमीटरचा तो दांडा आर्सेनिक किंवा शिशासाठी उत्तम आहे. झोपेच्या गोळ्या, नैराश्यावरची औषधं, अफूजन्य द्रव्यं यांच्यासाठी तो सांगाड्यातल्या सगळ्यात वाईट निवडींपैकी एक, कारण तिथे जाळी जवळजवळ नसतेच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय की एकाच सांगाड्यात मणके आणि कमरेच्या हाडात औषध जास्त सापडतं, लांब हाडांच्या दांड्यात कमी, आणि हा फरक कित्येक पटींचा असू शकतो. तेव्हा मांडीच्या दांड्याबरोबर निदान दोन मणके, दोन-तीन बरगड्या आणि कमरेच्या हाडाचा तुकडा पाठवा. मणक्यांपैकी एक कमरेचा असू द्या आणि एक मानेचा किंवा छातीचा. कमरेचे मणके पोटाच्या लगेच मागे असतात. पोटात विष असेल तर कुजताना ते तिथवर झिरपू शकतं. दोन्ही ठिकाणचे मणके हाताशी असले की निदान तुलना करता येते.

अडचण अशी की आपल्याकडे उघड्यावरच्या सांगाड्याची हीच हाडं आधी नाहीशी होतात. तडस, कोल्हे, रानडुकरं आणि गावातली कुत्री लांब हाडांची मऊ टोकं, बरगड्या आणि मणके खातात. उरतो तो चघळलेला दांडा. म्हणून शोध कवटीपाशी थांबवू नका. मोठं हाड सापडलं की तिथून उताराच्या दिशेनं आणि झुडपांच्या बुडाशी पाहत जा, हाडं ओढून तिथेच नेलेली असतात. काळ्या जमिनीत आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळ्यात जमीन फाटते, भेगा हातभर खोल जातात, आणि बोटांची हाडं, दात, मणक्यांचे तुकडे त्यात उतरतात. पाऊस पडला की भेग मिटते. वरची वीतभर माती चाळली आणि काही मिळालं नाही, म्हणजे खाली काही नाही असं होत नाही.

आता मातीबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पश्चिम विदर्भातली काळी कसदार जमीन बहुधा अल्कधर्मी असते, पीएच साडेसात ते साडेआठच्या आसपास. अशा जमिनीत हाडाचं खनिज टिकतं, विरघळत नाही. पण हीच अल्कता कित्येक विषांना मारक आहे. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय कीटकनाशकं, कोकेन, धोत्र्यातलं अॅट्रोपीन, या सगळ्यांच्या रेणूत एस्टर बंध असतो, आणि तो अल्कात पाण्यानं तुटतो. सोबत ओल आणि उष्णता असेल तर आणखी लवकर. पावसाळा काढलेल्या सांगाड्यात मूळ मोनोक्रोटोफॉस मिळेल ही अपेक्षा जवळपास सोडूनच द्यावी लागते. त्याचे तुटके अंश, म्हणजे डायमिथाइल फॉस्फेटसारखे पदार्थ, कधी मिळतात, पण ते एकाच औषधाचे नसतात. एकाच घराण्यातल्या अनेक कीटकनाशकांपासून ते तयार होतात. पूर्वेकडे गडचिरोली-गोंदियात जिथे तांबूस, आम्लधर्मी जमीन आहे तिथे उलटं चित्र असतं: एस्टर थोडा जास्त टिकतो, पण हाड स्वतःच झिजतं.

जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही "एंड्रिन पेला" असा वाक्प्रचार आहे, मग प्यालेलं औषध कोणतंही असो. एंड्रिन आणि एंडोसल्फान ही क्लोरीनयुक्त कीटकनाशकं मातीत आणि चरबीत वर्षानुवर्षं टिकणारी. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये बंदी घातली, तरी जुन्या प्रकरणात ती सापडू शकतात. आज गावात मिळणारी औषधं मात्र बहुतांशी लवकर विघटन होणारी आहेत. जिवंत माणसाच्या आणि पर्यावरणाच्या दृष्टीनं ते बरंच आहे, पण सांगाड्यातून विष शोधणाऱ्यासाठी ते अवघड आहे.

आणि जरी सापडलं तरी पुढचा प्रश्न उभा राहतो: हे माणसानं प्यालेलं, की वावरावर फवारलेलं? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपल्या पऱ्हाटीवर किती आणि काय काय पडतं हे तेव्हा सगळ्या देशानं पाहिलं. त्याच वावरात तीन हंगाम पडून राहिलेल्या हाडात प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचा अंश मिळाला तर तो कशाचा पुरावा? तुलनेची माती नसेल तर कशाचाच नाही.

म्हणून मातीचे नमुने असे घ्या. सांगाड्याच्या वरची माती, दोन्ही बाजूंची, डोक्याखालची आणि कमरेखालची, प्रत्येकी साधारण अर्धा किलो, वेगवेगळ्या पुड्यात. कमरेखालचा नमुना सगळ्यात मोलाचा, कारण पोटातलं सगळं तिथे झिरपतं. तिथली माती आसपासच्या मातीपेक्षा काळपट आणि चिकट दिसते, वास वेगळा येतो, आणि बरेचदा त्या जागी गवत आधी जळतं आणि मग जास्त माजतं. मग तुलनेचे दोन नमुने घ्यायचे. एक त्याच वावरातला, उताराच्या वरच्या अंगाचा, सांगाड्यापासून दहा-पंधरा पावलं दूर, पण त्याच खोलीचा आणि त्याच पिकाच्या ओळीतला. दुसरा धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, जिथे फवारा पोहोचत नाही. खोली जुळली पाहिजे हे विसरू नका. वरच्या दोन बोटांच्या मातीत फवारणीचा अंश असतो, एक हात खालच्या मातीत नसतो, आणि अशा दोन नमुन्यांची तुलना दिशाभूल करते. वावराच्या मालकाला विचारून गेल्या दोन हंगामांत कोणती औषधं मारली त्याची यादी करा. कृषी केंद्राची बिलं घरात असतात, रिकाम्या बाटल्या धुऱ्यावर किंवा गोठ्याच्या आढ्यात असतात. ती यादी पत्रासोबत जाऊ द्या.

पॅराक्वाटचा संशय असेल तर ते पत्रात ठळकपणे लिहा. हे तणनाशक चिकणमातीला इतकं घट्ट धरून बसतं की नेहमीच्या द्रावकानं ते सुटतच नाही, त्यासाठी माती तीव्र आम्लात उकळावी लागते. काळ्या मातीत चिकणमाती भरपूर. शिवाय खाली जी पद्धत सांगितलीय तिच्यात पॅराक्वाट पकडलं जात नाही, वेगळी वाट धरावी लागते. कोणी सांगितलं नाही तर प्रयोगशाळा त्या वाटेनं जाणार नाही.

पोटाच्या जागेची माती पुड्यात भरण्याआधी तिच्यातली निम्मी बारीक चाळणीतून, साधारण एक मिलिमीटर छिद्राच्या, हलक्या हातानं चाळून बघा. इथे बिया सापडतात. धोत्र्याचा रस हाडातून नाहीसा झाला तरी बियांची टरफलं मागे राहतात. धोत्र्याचं बी आणि मिरचीचं बी यात घोटाळा होतो, आणि भिवापुरी मिरचीच्या मुलखात मिरचीचं बी प्रत्येकाच्या पोटात असणारच. ताज्या बियांत रंगावरून ओळख पटते: धोत्र्याचं तपकिरी, मिरचीचं पिवळट. मातीत राहिलेल्या बियांचा रंग मात्र भरवशाचा नाही, दोन्ही काळी पडतात. भिंगाखाली कड बघा. धोत्र्याचं बी मूत्रपिंडाच्या आकाराचं, जाडसर, त्याची बाहेरची कड दुहेरी असते आणि अंगावर बारीक खळगे असतात. मिरचीचं बी पातळ, गोलसर, एकेरी कडेचं. बी उभं कापून आतला गर्भ शाबूत दिसला तर प्रश्नच मिटतो: मिरचीत तो आत वळून इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा दिसतो, धोत्र्यात त्याचं टोक बाहेर वळलेलं असतं. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, कठीण कोय तर बोटांनीही लागते. अर्थात धोत्रा उकिरड्यावर आणि धुऱ्यावर आपोआप उगवतो, म्हणून एखादं सुटं बी म्हणजे पुरावा नाही. कमरेच्या हाडांच्या आत बियांचा झुबका आणि तुलनेच्या मातीत एकही नाही, असं असेल तर तो विचार करण्याजोगा. किती बिया, कुठल्या जागी, हे पंचनाम्यात लिहा आणि फोटोत फुटपट्टी ठेवा.

आता केस. टाळूची कातडी सडली की केसांचा पुंजका कवटीवरून घसरून एका बाजूला पडतो, आणि माणसं तो गवत म्हणून झटकून टाकतात. हाडापेक्षा केस जास्त बोलतात असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळाकडून तुकडे केले तर माणूस मरण्याआधी कोणत्या महिन्यात काय घेत होता याचा अंदाज येतो. हाड ही कालरेषा देत नाही. पुंजका आहे तसा, मुळांची बाजू दोऱ्यानं बांधून, कागदात गुंडाळा. नखं मिळाली तर सगळी घ्या. आर्सेनिकसाठी केस आणि नखं या दोहोंना पर्याय नाही.

माशांच्या कोषांची रिकामी टरफलंही घ्या, गव्हाच्या दाण्याएवढी, तांबूस-तपकिरी, सांगाड्याखाली आणि आसपासच्या ढेकळांखाली शेकड्यांनी पडलेली असतात. अळ्यांनी मांस खाल्लं तेव्हा त्यातलं औषधही खाल्लं, आणि त्यातला अंश कवचात अडकून राहतो. कवच कायटिनचं असतं, ते वर्षानुवर्षं टिकतं. चमचाभर टरफलं कागदी पाकिटात पुरेत.

बांधणीत तीन गोष्टी पाळा. फॉर्मेलिन नको आणि मिठाचं द्रावणही नको. व्हिसेरा मिठाच्या द्रावणात ठेवायची सवय हातात इतकी मुरलेली असते की हाडंही त्याच बरणीत जातात, आणि मग विरघळणारी द्रव्यं द्रावणात उतरतात, वर मीठ यंत्रात अडथळा करतं तो वेगळाच. हाड कोरडं, कोणत्याही द्रवाशिवाय पाठवायचं. दुसरी गोष्ट, ओलं हाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. एका रात्रीत बुरशी चढते, आणि प्लॅस्टिकमधली थॅलेट नावाची रसायनं तपासणीच्या आलेखात नको ते उंचवटे उभे करतात. सावलीत, कागदावर, वाऱ्याला सुकवा. उन्हात नाही. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याचं ऊन ४५ अंशांवर जातं आणि काही औषधं प्रकाशानंच तुटतात. मग प्रत्येक हाड वेगळ्या कागदी पिशवीत, बाहेर शरीराची बाजू, हाडाचं नाव आणि सापडल्याची जागा. तिसरी, जंतुनाशक शिंपडू नका. दफनभूमीतून प्रेत उकरताना वासासाठी फिनाइल टाकण्याचा मोह होतो. एक फवारा सगळी तपासणी बाद करू शकतो.

उकरण्याचा विषय निघालाच आहे तर: पुरलेलं प्रेत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं आणि त्यांच्या समक्ष काढायचं असतं, आपल्याकडे हे काम बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार करतात. मर्गासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १७४ होतं ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १९४ झालं, आणि दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचं १७६ ते १९६ झालं. त्याच संहितेनं सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं अपेक्षित धरलंय. सांगाडा उचलण्याआधी त्यांना फोन करा. वर लिहिलेलं निम्मं काम ते येऊन करतील.

नमुना नागपूर किंवा अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत पोहोचला की पुढे काय होतं ते माहीत असलं की काय पाठवायचं हेही उमगतं. पहिला प्रश्न: हाड माणसाचंच आहे का? वासरू आणि रानडुकराच्या बरगड्यांनी अनेकांना फसवलंय, म्हणून शरीररचनेचं मत आधी घ्यावं. दुसरा: डीएनएसाठी कोणता भाग राखायचा? दात आणि कानाच्या आतलं कठीण हाड त्यांच्यासाठी बाजूला, कारण विषशास्त्राच्या तपासणीत हाडाची पूड होते आणि ती परत मिळत नाही. मग ब्रशनं माती काढतात, वरचा एक-दोन मिलिमीटर थर दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसल्या बारीक गिरमिटानं खरवडतात, आणि तुकडा आधी पाण्यानं, मग मिथेनॉलसारख्या द्रावकानं धुतात. शेवटच्या धुण्याचं द्रावण फेकत नाहीत. तेही यंत्रात घालतात. धुणं कोरं आणि हाडात औषध, तर ते आतलं. धुण्यातही औषध दिसलं, तर बाहेरून लागल्याची शंका उरते आणि ती अहवालात यायला हवी.

कापताना करवत हळू चालवायची, घर्षणानं हाड तापलं की औषधही तापतं. पूड द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत करतात, त्यात हाड काचेसारखं फुटतं. साधारण १ ग्रॅम पूड घ्यायची आणि सुरुवातीलाच अंतर्गत मानक घालायचं, म्हणजे त्याच औषधाचा ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घातलेला जड जुळा भाऊ, उदाहरणार्थ डायझेपाम-डी५. पुढे जेवढं औषध वाया जाईल तेवढाच तोही जाईल, म्हणून हिशेब जुळतो. मग मिथेनॉलमध्ये ५० अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवस भिजत ठेवतात. घाई असेल तर मायक्रोवेव्हच्या मदतीनं अर्ध्या-एक तासात. आम्लात हाड विरघळवून सगळं बाहेर काढणं मोहक वाटतं, पण आम्लानं तुटणाऱ्या औषधांचा त्यात बळी जातो आणि खनिजाचा सगळा कॅल्शियम द्रावणात येऊन बसतो.

यानंतरची पायरी सफाईची, आणि इथे हाड रक्तापेक्षा बरंच त्रास देतं. कुजलेल्या मज्जेची चरबी आणि मातीतलं ह्युमस, म्हणजे कुजलेला पालापाचोळा, मिथेनॉलबरोबर बाहेर येतं, द्रावण चहासारखं तपकिरी दिसतं. ते उणे २० अंशांवर रात्रभर ठेवलं की चरबी गोठून खाली बसते. वरचं द्रावण काढून, नायट्रोजनच्या झोताखाली उडवून, पीएच ६ च्या फॉस्फेट बफरमध्ये घेतात आणि मिश्र प्रकारच्या घन-प्रावस्था नळीतून, म्हणजे औषध धरून ठेवणाऱ्या भुकटीच्या नळीतून, सोडतात. नळी आधी मिथेनॉल, पाणी आणि बफरनं ओली केलेली असते, मध्ये सुकू द्यायची नाही, सुकली तर औषध तिला धरत नाही आणि सरळ खाली वाहून जातं. मग पाणी, ०.१ मोलर अॅसेटिक आम्ल आणि मिथेनॉलनं धुवायचं, कोरडी करायची, आणि डायक्लोरोमिथेन, आयसोप्रोपॅनॉल व अमोनिया यांच्या ७८:२०:२ मिश्रणानं अल्कधर्मी औषधं उतरवून घ्यायची. हे मिश्रण रोज ताजं करायचं, कारण अमोनिया उडून जातो आणि मग औषध नळीतच अडकून बसतं. उतरलेलं द्रावण सुकवताना अॅम्फेटामाइनसारखी उडून जाणारी औषधं हरवतात. त्यासाठी आधी हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेल्या मिथेनॉलचे दोन थेंब टाकतात, क्षार झाला की औषध जागेवर राहतं. एवढं झालं की नमुना एलसी-एमएस-एमएसवर, म्हणजे औषधं वेगळी करून रेणूच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर. एका औषधासाठी त्याच्या रेणूच्या दोन तुकड्यांचे संकेत, त्यांचं ठरलेलं गुणोत्तर आणि ठरलेली वेळ, तिन्ही जुळली तरच "आढळले".

काय शोधायचं हेही कळायला हवं. हेरॉइन घेतलेल्याच्या हाडात हेरॉइन नसतं, मॉर्फीन असतं. कोकेनच्या जागी त्याचा तुटका अंश बेंझॉइलएकगोनिन. नायट्राझेपामचा नायट्रो गट कुजवणारे जिवाणू बदलून टाकतात, म्हणून त्याचं ७-अमिनो रूप शोधावं लागतं. मूळ औषधाच्याच यादीवर तपासणी केली तर कोरा अहवाल येतो आणि तो खोटा असतो. म्हणून मृत व्यक्तीच्या घरातल्या गोळ्यांची पाकिटं, मानसिक उपचारांची चिठ्ठी, तालुक्याच्या मेडिकल दुकानाचं बिल यांची नोंद पत्रात द्या. "विष आहे काय" या प्रश्नापेक्षा "अॅमिट्रिप्टिलीन (नैराश्यावरचं औषध) किंवा झोपेच्या गोळ्या आहेत काय" या प्रश्नाचं उत्तर देणं कितीतरी सोपं.

आर्सेनिकची वाट वेगळी. अर्धा ग्रॅम पूड, शुद्ध नायट्रिक आम्ल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, बंद भांड्यात मायक्रोवेव्हमध्ये पचवायची आणि आयसीपी-एमएसवर, म्हणजे मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायची. सापळा असा: आर्सेनिकचं वस्तुमान ७५, आणि आर्गॉन व क्लोरीन एकत्र आले की तेही ७५. हाड मिठात ठेवलेलं असेल किंवा पचवायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं असेल तर यंत्राला नसलेलं आर्सेनिक दिसतं. यंत्रात हेलियम वायू भरलेला कोष वापरून हे टाळतात. त्याहून मोठा प्रश्न मातीचा. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ऑर्फिला या विषशास्त्रज्ञानं दफनभूमीची माती तपासायला सुरुवात केली ती याचसाठी. हाड मातीतून मँगनीज, लोह, युरेनियम शोषतं. ही मूलद्रव्यं जास्त आणि आर्सेनिकही जास्त, तर ते मातीतून आल्याचा संशय बळावतो. बाहेरच्या थरात जास्त आणि आत कमी असेल तरीही तोच अर्थ. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या हाडांत ते असणारच, त्याला विषप्रयोग समजू नये.

काही प्रश्न हाडाला विचारूच नयेत. दारू, मग ती मोहाची असो की दुकानातली: मद्यार्क उडतो, आणि कुजताना जिवाणू स्वतःच तो तयार करतात. सापाचं विष: ते प्रथिन, मांसाबरोबर जातं. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणि उंदराचं झिंक फॉस्फाइड: मारतो तो फॉस्फीन वायू निघून गेलेला असतो, मागे उरतं जस्त किंवा अॅल्युमिनियम, पहिलं प्रत्येक हाडात आणि दुसरं प्रत्येक मातीत असतंच. जळालेल्या हाडाचंही तसंच. चितेतून पांढरं पडलेलं हाड सेंद्रिय औषधासाठी संपलं. आत काळपट राहिलेला, अर्धवट जळालेला भाग मात्र पाठवून बघावा.

आता अहवाल वाचताना. हाडातल्या आकड्यावरून किती गोळ्या घेतल्या किंवा डोस प्राणघातक होता का, हे सांगता येत नाही. एकाच माणसाच्या दोन हाडांत आकडा वेगळा येतो. रक्तातल्या पातळीशी त्याचं भरवशाचं नातं बसवता आलेलं नाही. आणि तुलनेसाठी प्रयोगशाळा कोऱ्या हाडाच्या पुडीत बाहेरून औषध मिसळते, जे जिवंतपणी रक्तातून आत मुरलेल्या औषधासारखं वागत नाही, सहज सुटून येतं. त्यामुळे खरं किती मागे राहिलं हे कोणालाच नीट मोजता येत नाही. न्यायालयात "इतके नॅनोग्रॅम म्हणजे मारण्याइतकं का?" असा प्रश्न आला तर प्रामाणिक उत्तर "सांगता येत नाही" हेच आहे, आणि डॉक्टरांनी ते न बिचकता द्यावं.

"आढळले नाही" या दोन शब्दांचा अर्थ तर त्याहून जपून लावावा. माझी सगळ्यात मोठी तळमळ इथेच आहे. या शब्दांवर मर्गाची फाइल बंद होते, आणि कोणाच्या तरी मुलीच्या मृत्यूचा तपास तिथेच संपतो. त्याचा अर्थ एवढाच की या हाडाच्या या तुकड्यात, शोधलेल्या द्रव्यांपैकी, यंत्राला दिसेल इतकं काही उरलेलं नव्हतं. विष दिलंच नव्हतं असं ते म्हणत नाही. म्हणून अहवालात तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते बघा: कोणतं हाड तपासलं, कोणकोणती द्रव्यं शोधली, आणि प्रत्येकासाठी किमान किती असतं तर दिसलं असतं. नसतील तर पत्र पाठवून मागा. मग आपल्या नोंदवहीत तपासा, त्या दिवशी केस पाठवले होते का, कमरेखालची माती पाठवली होती का, उरलेले मणके अजून मुद्देमाल खोलीत कागदात गुंडाळलेले आहेत का. असतील तर तपासणी दुसऱ्यांदा मागता येते. मणका कोरडा आणि सीलबंद ठेवला असेल तर दोन वर्षांनीही उपयोगी पडू शकतो.